चिपाड, राख आणि रानातली ओल

सोलापूरकडचा शाळू ओलीवर येतो. काळ्या रानात मुरलेली ओल हीच त्याची शिदोरी. ती राखायची कशी, याचा अभ्यास सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात १९३३ पासून होत आला आहे. आज या कामी येणारा एक नवा पदार्थ पाहू या.

शंभर टन ऊस गाळला की सुमारे तीस टन ओले चिपाड उरते. त्यात सेल्युलोज भरपूर. कापसाचा धागाही त्याचाच. झाडावर कलम बांधावे तशा सेल्युलोजच्या लांब साखळ्यांवर ॲक्रिलिक आम्लाच्या साखळ्या बांधतात आणि मधूनमधून गाठी मारतात. पाणी मिळाले की साखळ्यांवरचे सारखे विद्युत्भार एकमेकांना दूर लोटतात, जाळे फुगते आणि पाणी आत शिरते. गाठींमुळे ते विरघळत नाही. हेच हायड्रोजेल.

फुगलेले जेल लिबलिबीत असते. त्यात वीजकेंद्राची बारीक राख बेताने मिसळली तर ते बळकट होते, खर्चही उतरतो. आपल्याकडे साखर कारखान्यांचे चिपाड आहे, फताटेवाडीच्या वीजकेंद्राची राखही आहे. मात्र राखेत जड धातू असू शकतात. तपासणीवाचून ती रानात नको.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजपासून ‘पुसा हायड्रोजेल’ तयार केले. ते वजनाच्या सुमारे ३५० पट शुद्ध पाणी शोषते. मात्रा एकरी एक ते दोन किलो. आता हिशेब करा. दोन किलोंत मावले ७०० लिटर. एकरभर पसरले तर पाव मिलिमीटर पावसाइतकेही नाही! म्हणून ते फेकून देऊ नये. पेरणीच्या ओळीत, मुळांशी द्यावे. तिथे ते पुन्हा पुन्हा भरते आणि रिते होते. जेल पाणी सांभाळते, निर्माण करीत नाही.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करावा. बाळाच्या कोऱ्या डायपरमधले दाणे पाण्यात फुगवावेत, मग वर चमचाभर मीठ टाकावे. जेल बसते, पाणी सुटते. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर रानातही जेल कमीच फुगते.

तेव्हा विकत घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: आमच्या पाण्यात हे किती फुगते? राख तपासली आहे का? आणि काम संपल्यावर मातीत काय उरते? सेल्युलोज कुजते, ॲक्रिलिकचा भाग फार हळू. टिकाऊपणाची ही दुसरी बाजू आहे. उत्तरे मिळाली, तर आधी दोन गुंठ्यांत करून पाहावे. शेजारी दोन गुंठे तसेच ठेवावेत. खरे काय ते कणीसच सांगेल.