मरीच्या रानात हरभऱ्याची परीक्षा

लोहा-कंधारच्या भारी रानात सोयाबीन निघालं की पाठोपाठ हरभरा, हा क्रम आता पक्का झाला आहे. त्याबरोबर मरही पक्की झाली. पेरणीला तीन-साडेतीन आठवडे होत नाहीत तोच ओळीतलं एखादं झाड मान टाकतं. पानं अजून हिरवीच असतात, देठ मात्र लोंबलेले. झाड उपटलं तर मूळ वरून धडधाकट दिसतं. बुंध्याशी उभं चिरलं की आत काळपट-तपकिरी रेघ सापडते.

फ्युजारियम नावाची बुरशी मुळातून शिरते आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवते. ओल असूनही झाड तहानेनं मरतं. फवारा तिथवर पोचत नाही. फेरपालटाचाही भरवसा नाही, कारण हरभरा न घेताही ही बुरशी जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरते. बियाण्यातूनही ती पसरते. ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया करावीच, पण मुख्य भार वाणावरच पडतो. आणि मर न लागणारा वाण हुडकायचा तर आधी मर हमखास लागेल असं रान हवं.

ही उलटी शेती जुनी आहे. अमेरिकेत नॉर्थ डकोटाच्या फार्गो इथे बोली नावाच्या शास्त्रज्ञाने जवस सतत मरणारी जमीन मुद्दाम राखली. जमीन ‘थकली’ नसून तिच्यात बुरशी आहे, हे त्याने १९०१ मध्ये दाखवलं आणि त्याच जमिनीत जगलेल्या झाडांचं बी पुढे चालवलं. हरभऱ्यासाठी हे काम मोठ्या प्रमाणावर झालं ते १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅटमध्ये. देगलूरमार्गे हैदराबादला जाताना संगारेड्डीनंतर पटणचेरू लागतं, तिथे ही संस्था आहे.

रोगट रान तयार करण्याची रीत सांगण्यासारखी आहे. मेलेली झाडं गोळा करून, बारीक करून मातीत मिसळायची. त्यावर मरीला लगेच बळी पडणारा वाण पेरायचा, तो मेला की तोही तिथेच गाडायचा. कोपरान् कोपरा सारखा रोगट होईपर्यंत हेच चालू. मग तपासायच्या वाणांच्या ओळी घालायच्या आणि ठरावीक अंतराने त्यांच्यामध्ये जेजी ६२ ची ओळ. हा वाण एका पेऱ्यावर जोडीने घाटे धरणारा, दिसायला देखणा. पण मरीपुढे महिनाभरही टिकत नाही. मधली जेजी ६२ पूर्ण मेली तरच शेजारच्या ओळीच्या जगण्याला अर्थ. ती जगली तर शेजारी जगल्याचं कौतुक नाही, तिथे रोगच नव्हता. मोजणी रोपावस्थेपासून पक्वतेपर्यंत चालते. शंभरातली दहापर्यंत झाडं मेली तर वाण प्रतिकारक. म्हणजे ‘प्रतिकारक’ लिहिलेल्या वाणातही थोडी मर दिसली तर त्यात फसवणूक नसते. हे दुकानात कुणी सांगत नाही!

पुढची अडचण हावरे आणि नेने या दोघा शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये उघड केली. हैदराबाद, कानपूर, गुरदासपूर आणि हिस्सारची बुरशी वरून एकच दिसली, तरी वेगवेगळ्या वाणांवर टाकल्यावर तिचे चार प्रकार निघाले. एका गावी टिकलेला वाण दुसऱ्या गावी मान टाकू शकतो, तो यामुळे. हैदराबादकडच्या प्रकाराविरुद्ध झाडात निदान तीन जनुकं काम करतात. एकटं जनुक मर लांबवतं, कुठलीही दोन एकत्र आली की झाड वाचतं. कर्नाटकातला जुना, चवीने नावाजलेला अण्णिगेरी वाण याच ज्ञानावर सुधारला गेला. डब्ल्यूआर ३१५ या प्रतिकारक वाणाची देणगी घेऊन त्यातून ‘सुपर अण्णिगेरी १’ आला.

आपल्याकडे राहुरीचे विजय आणि दिग्विजय, अकोल्याचा जाकी ९२१८, बदनापूरचा आकाश म्हणजे बीडीएनजी ७९७ ही नावं शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. तरीही ‘विजयच पेरला होता, मर लागलीच’ अशी तक्रार ऐकू येते. तिच्यातला बराच भाग नावाच्या गोंधळाचा आहे, असं माझं मत. शेतात वाळलेलं प्रत्येक झाड आपण मरीच्या खात्यावर टाकतो. पेरणीनंतर लगेच, ओल जास्त आणि सोयाबीनचं काड न कुजलेलं असेल, तर बुंध्याशी पांढरे धागे नि मोहरीएवढे दाणे दिसतात, ती मानकुज. फुलोऱ्यानंतर ऊन तापलं, पारा तिशीच्या वर गेला आणि ओल आटली की येते ती कोरडी मूळकुज: बारीक मुळं झडलेली, सोटमूळ काडीसारखं मोडणारं. या दोन्हींच्या बुरशा वेगळ्या. मरीच्या रानात पास झालेला वाण इथे नापास होऊ शकतो, कारण तो पेपर त्याने दिलेलाच नसतो. हिवाळे आखडत चालले तर कोरडी मूळकुजच जास्त छळेल, म्हणून एकाच वाणात दोन्हींचा प्रतिकार शोधण्याकडे संशोधक वळले आहेत.

माळेगावची यात्रा आणि येळवस लागोपाठ येतात. भज्जीसाठी हिरवे घाटे खुडायला सगळं घर रानात असतं. मेलेलं एखादं झाड चिरून बघायला याहून सोयीचा दिवस नाही. आतली रेघ, बुंध्याचे धागे की मोडकं मूळ, एवढं पाहून कृषी सहायकाला सांगितलं तरी पुढच्या हंगामाचा वाण निवडताना चूक कमी होईल. आणि बियाण्याच्या पिशवीवर नुसतं ‘मर प्रतिकारक’ न छापता कुठल्या मातीत, कुठल्या केंद्रावर, किती टक्के मर दिसली हेही छापावं. आकडे केंद्रांच्या वहीत असतातच. ते लोह्याच्या दुकानापर्यंत यायला हवेत.