घरचं आफ्टरशेव्ह : झोंबणं, स्पिरिट आणि परवाना

दाढी झाल्यावर गालावर आफ्टरशेव्हचा हात फिरला की जो चटका बसतो, त्याला आपल्याकडे फार मान आहे. ‘झोंबतंय म्हणजे जंतू मरतायत,’ हे वाक्य न्हाव्याच्या खुर्चीत बसून आपण सगळ्यांनीच ऐकलंय. घरी आफ्टरशेव्ह करणाऱ्यांच्या बहुतेक गैरसमजांची सुरुवात इथूनच होते, कारण मग जितकं जहाल तितकं चांगलं असं वाटू लागतं.

खरं असं आहे की, त्वचेत उष्णता ओळखणारे संवेदक असतात. साधारण ४२ अंश सेल्सियसच्या पुढे ते ‘भाजलं’ असा निरोप मेंदूला देतात. अल्कोहोल लागलं की ही मर्यादा ३४ अंशांच्या आसपास घसरते आणि आपल्याच अंगाची ऊब आपल्याला चटक्यासारखी लागते. वस्तऱ्याने सोललेल्या जागी ते जास्त जाणवतं, एवढंच. जंतू मरतात ते अल्कोहोलच्या प्रमाणामुळे. साधारण ६० ते ९० टक्के या टप्प्यात ते चांगलं काम करतं. त्याहून तीव्र अल्कोहोल उलट कमी पडतं, कारण जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणीही लागतं. रक्त थांबवायला आपली तुरटी आजही उत्तम, आणि तिला अल्कोहोल लागत नाही.

दुसरा समज मात्र जीवघेणा आहे. ‘स्पिरिट म्हणजे स्पिरिट, कुठलंही चालतं.’ रंगाच्या दुकानात थिनर मिळतं, सुतार चपडा विरघळवायला स्पिरिट वापरतात, ते स्वस्त असतं आणि वासही ‘तसाच’ येतो. त्यात मिथेनॉल असू शकतं. वासावरून किंवा रंगावरून इथेनॉल आणि मिथेनॉल वेगळं ओळखता येत नाही. २०१५ साली मालाड-मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली, ती मिथेनॉलच्या दारूने. शरीरात मिथेनॉलचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या नसांवर घाला घालतं. आफ्टरशेव्ह कोणी पीत नाही हे मान्य. पण मिथेनॉल कातडीतूनही शिरतं, आणि ताज्या दाढीची कातडी म्हणजे अर्धं उघडं दार. शिवाय घरात लहान मुलं असतात आणि बाटली सुगंधी असते. म्हणून हे एकदा पक्कं ठरवून टाका : ज्या बाटलीवर घटक छापलेले नाहीत, ते स्पिरिट चेहऱ्याला लावायचं नाही.

‘मग व्होडका घेऊ, ती तर पिण्याचीच असते.’ ती विषारी नाही हे खरं, पण आपल्याकडच्या व्होडकात अल्कोहोल साधारण ४२.८ टक्के असतं, बाकी मुख्यतः पाणी. काचेच्या ग्लासात थोडी घेऊन लॅव्हेंडरच्या तेलाचे आठ-दहा थेंब टाकून पाहा. द्रव दुधाळ होतो आणि जरा वेळाने वर तेलाचे बारीक डोळे तरंगू लागतात. ते न मिसळलेलं तेल सगळंच्या सगळं गालाच्या एकाच जागी लागतं आणि तिथे लाल चट्टा उठतो. स्वतःपुरतं करायचं तर औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल त्यापेक्षा सोयीचं. ८० मिलीलीटर ते, चार-पाच मिलीलीटर ग्लिसरीन, उरलेलं गुलाबपाणी आणि सुगंधी तेल शंभरात एका मिलीलीटरपेक्षा कमी. रात्रभर ठेवून सकाळी द्रव नितळ दिसला तर जमलं. गॅसजवळ मात्र करू नका. अल्कोहोलची वाफ घरातल्या साध्या तापमानालाही पेट घेते.

‘नैसर्गिक तेलाने काही होत नाही’ हेही खरं नाही. लिंबाच्या किंवा बर्गमॉटच्या सालीचं दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलं तर त्वचेवर काळसर डाग उमटतात आणि ते महिनोन् महिने जात नाहीत. दालचिनी आणि लवंगेच्या तेलांची ॲलर्जी तर अनेकांना होते.

आता विक्री. ‘उद्यम नोंदणी आहे, जीएसटी क्रमांक आहे, आणखी काय हवं?’ असं फार लोक प्रामाणिकपणे विचारतात. ही नोंदणी धंद्याची झाली, वस्तूची नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम २०२० यांच्यानुसार आफ्टरशेव्ह हे सौंदर्यप्रसाधन आहे, आणि विकण्यासाठी ते बनवायचं तर उत्पादन परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन, म्हणजे आपलं एफडीए, देतं. ‘घरी करतो, थोडंच करतो’ याला सूट नाही. कायद्यात विक्रीबरोबर वाटपाचाही उल्लेख आहे. परवान्यासाठी स्वतंत्र जागा, यंत्रसामग्री आणि फार्मसी किंवा रसायनशास्त्र शिकलेला पूर्णवेळ माणूस लागतो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे बसत नाही, आणि ते बसू नये हेच बरं, असं माझं मत आहे. किरकोळ दुकानदाराला विक्रीचा वेगळा परवाना लागत नाही, यावरूनच बहुधा हा घोळ होत असावा. पण त्याच्या फळीवरचा मालही परवानाधारकाचाच असावा लागतो.

लहान माणसाला वाट नाही असं नाही. परवाना असलेल्या कारखान्यात आपल्या कृतीने माल करून घेता येतो. त्यासाठी ‘लोन लायसन्स’ मिळतं, किंवा कारखान्याच्या परवान्यावर माल बनतो आणि लेबलवर आपलं नाव विक्रेता म्हणून येतं. लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत, घटक, माप आणि एमआरपी हवं. ‘अँटिसेप्टिक’ किंवा ‘पुरळ बरं करतं’ असं छापायच्या मोहात पडू नका. बरं करण्याचा दावा केला की वस्तू औषधांच्या नियमांत जाते.

‘दारूबंदी कायद्याशी याचा काय संबंध?’ संबंध जुना आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याविरुद्ध एफ. एन. बलसारा न्यायालयात गेले, तेव्हा त्यांना बाळगायच्या असलेल्या वस्तूंच्या यादीत व्हिस्कीबरोबर ओ-डी-कलोन आणि लॅव्हेंडर वॉटरही होतं. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी राखला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं त्याच्या कचाट्यातून सोडवली. पुढे कायद्यात कलम २४-अ आलं. दारू म्हणून पिण्याजोगं नसलेलं प्रसाधन त्यानुसार बंदीबाहेर आहे. ही मोकळीक तयार प्रसाधनाला आहे, कच्च्या स्पिरिटला नाही. रेक्टिफाइड स्पिरिटचा कॅन घ्यायचा तर राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते, आणि घरी ऊर्ध्वपातन करणं हा सरळ गुन्हा आहे. औद्योगिक अल्कोहोलवर नियंत्रण ठेवायचा अधिकार राज्यांना आहे, हे २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा मताने सांगितलंय.

आणि हो, पार्सल. हा ज्वलनशील द्रव आहे, टपालाने पाठवायला मनाई आहे. ‘हेअर ऑइल’ लिहून कुरिअरमध्ये घालणारे लोक ते नेणाऱ्या हमालाचा जीव धोक्यात घालतात.

स्वतःसाठी, हौसेने, खात्रीचं अल्कोहोल आणून जरूर करून पाहा. विकायचा विचार असेल तर बाटल्या आणि लेबलं छापायच्या आधी आपल्या जिल्ह्याच्या एफडीए कार्यालयात एक चक्कर मारा, आणि कृतीचा कागद सोबत न्या.