भाव करायला शिकताय ना?

खडवलीत फ्लॅट घ्यायचंय? मग तिथे सगळ्यात शेवटी जा! आधी टिटवाळा, वासिंदला फ्लॅट बघा आणि तिथे बिनधास्त भाव करा. ही झाली प्रॅक्टिस. शिवाय हातात दुसरा पर्याय असला की ‘नाही’ म्हणायची हिंमत येते. फिशर आणि युरी यांच्या १९८१च्या ‘गेटिंग टू येस’ या पुस्तकातला कळीचा मुद्दा हाच. भाव कार्पेट एरियावरच विचारा. रेरा कायद्यानुसार, करार रजिस्टर होण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हेही ठाऊक असू द्या. घरी परतताना लोकलमध्येच लिहून काढा: आकडा आधी कोण बोललं? आपण घाई कुठे केली? खडवलीला पोहोचेपर्यंत जीभ सुटलेली असेल. आणि हो, अप्रेझलच्या वेळी बॉससमोरही हाच फंडा!