पार्टची पत्रिका जुळवताना

माळा आवरताना आजोबांचा जुना टू-इन-वन सापडतो. प्लग लावला, तर आवाजच नाही! ओळखीच्या रिपेअरवाल्या काकांनी मल्टिमीटर लावून सांगितलं, एक ट्रान्झिस्टर उडालाय. त्यावर बारीक अक्षरांत नुसतं ‘सी १८१५’. आता? पुण्याची तापकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठण्याआधी एक काम करा, त्या पार्टची डेटाशीट मिळवा. ती म्हणजे त्याची जन्मपत्रिकाच!

नंबरातच निम्मी ओळख

जपानी पार्टवर सुरुवातीचं ‘२एस’ बऱ्याचदा छापतच नाहीत. म्हणजे आपला ‘सी १८१५’ खरा ‘२एससी १८१५’. हे पूर्ण नाव टाकून सर्च केलं की पीडीएफ हाताशी. २एसए, २एसबी असेल तर पीएनपी; २एससी, २एसडी असेल तर एनपीएन. युरोपीय नंबरांत पहिलं अक्षर ए म्हणजे जर्मेनियम, बी म्हणजे सिलिकॉन. दुसरं सी असेल तर कमी पॉवरचा ऑडिओ पार्ट, डी असेल तर जास्त पॉवरचा.

पाय बघितलेत का?

दुकानात ‘तो नाही, बीसी ५४७ घेऊन जा, चालतो’ असं हमखास ऐकू येतं. चालतो, पण आधी पत्रिका जुळवा. सी १८१५ला ५० व्होल्ट आणि १५० मिलिअँपिअर झेपतात. बीसी ५४७ला ४५ व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअर. छोट्या सिग्नलच्या सर्किटला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. खरी गोची पायांची! सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर सी १८१५चे पाय डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस. बीसी ५४७चे मात्र कलेक्टर, बेस, एमिटर. जुना निघाला तसाच नवा बसवला, तर पार्ट चांगला असूनही सेट गप्पच.

जर्मेनियमचा मामला

त्याहून जुन्या रेडिओत एसी १२८सारखे जर्मेनियम ट्रान्झिस्टर असतात. तिथे हाताला लागला म्हणून सिलिकॉनचा लावून भागत नाही. जर्मेनियमला चालू व्हायला साधारण ०.२ ते ०.३ व्होल्ट पुरतात, सिलिकॉनला ०.६ ते ०.७ लागतात. बायसचे रेझिस्टर न बदलता लावलात, तर आवाज फाटलाच समजा.

एवढे जुने पार्ट नेटवर सापडले नाहीत, तर कॉलेजच्या लायब्ररीत ‘टॉवर्स इंटरनॅशनल ट्रान्झिस्टर सिलेक्टर’ आहे का विचारा. मर्यादा, पायांची रचना आणि पर्यायी नंबर, सगळं त्यात तक्त्यात दिलेलं असतं.

आणि हो, काम झालं की कोणता पार्ट काढला, कोणता लावला आणि त्याचे पाय कसे, हे चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आतून चिकटवा. उद्या तो सेट पुन्हा कुणीतरी उघडेल. त्याची शोधाशोध तरी वाचेल!