एस्केप कळीचा विलंब

संगणकाच्या पडद्यावर मजकूर लिहिताना काही आज्ञावलींत एक चमत्कारिक अनुभव येतो. इतर कळांना यंत्र तत्क्षणी प्रतिसाद देते. ‘एस्केप’ ही कळ दाबली की मात्र ते क्षणभर स्तब्ध राहते. हा यंत्राच्या मंदगतीचा दोष असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः त्या वेळी आज्ञावली काहीच करीत नसते. ती वाट पाहत असते.

कशाची वाट, हे समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे. अक्षरांना क्रमांक देणारी ‘आस्की’ ही संकेतमाला अमेरिकेत १९६३ साली प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्या आजच्या रूपात २७ हा क्रमांक एस्केपचा आहे. ‘यापुढील अक्षरे नेहमीच्या अर्थाने घेऊ नका’ एवढेच तो सांगतो. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने व्हीटी-१०० हे टर्मिनल, म्हणजे संगणकाला तारेने जोडलेला पडदा व कळफलक, बाजारात आणले. त्यावरील वर जाणाऱ्या बाणाची कळ दाबली असता एकामागून एक तीन चिन्हे रवाना होत: एस्केप, चौकटी कंस आणि ‘ए’. काही प्रसंगी कंसाऐवजी मोठ्या लिपीतील ‘ओ’ जाई. पण त्याच कळफलकावर एस्केपची स्वतंत्र कळही होती, आणि ती दाबली की तोच २७ एकटा जाई.

मेख आहे ती येथे. दुकानात गिऱ्हाइकाने ‘सव्वा’ म्हटले, तर त्याला सव्वा किलो हवे आहे की सव्वा दोन, हे दुकानदाराला पुढचा शब्द येईपर्यंत, किंवा तो येत नाही अशी खात्री होईपर्यंत, कळत नाही. आज्ञावलीची स्थिती तीच. २७ पाठोपाठ काही आले नाही, तरच ती एस्केपची कळ मानता येते. मौनालाच येथे अर्थ असतो.

मौन किती वेळ पाळावे? जुन्या टेलिफोन-तारांवर सेकंदाला ३०० बिट, म्हणजे सुमारे ३० अक्षरे जात. दोन अक्षरांत ३३ मिलिसेकंदांचे अंतर पडे. ‘एनकर्सेस’ या सुप्रसिद्ध संग्रहाने हा अवधी १००० मिलिसेकंद धरला, तो उदारपणाचाच म्हणावा लागेल. व्हीटी-१०० आता वस्तुसंग्रहालयात गेले. त्याची नक्कल करणाऱ्या आज्ञावल्या मात्र घरोघरी आहेत, आणि आपल्याच यंत्रावर ही तिन्ही चिन्हे बहुधा एकत्रच पोचतात. तेव्हा अवधी कमी करणे हा पहिला उपाय. ‘टीमक्स’ या आज्ञावलीने दीर्घकाळ ५०० मिलिसेकंद पाळलेला हा अवधी २०२४ साली १० वर आणला. एकात एक अशा अनेक आज्ञावल्या चालू असतील, तर प्रत्येकीची प्रतीक्षा स्वतंत्र असते; एकीचीच कमी करून भागत नाही.

तथापि हा उपाय निर्धोक नाही. दूरच्या संगणकाशी जाळ्यावरून काम करताना चिन्हांची फाटाफूट होऊ शकते. १९७६ साली बिल जॉय यांनी लिहिण्यास घेतलेल्या ‘व्हीआय’ या संपादकात एस्केप म्हणजे ‘लेखन थांबवा, आता आज्ञा ऐका’. बाणाची चिन्हे तुटून आली, तर एस्केपने लेखन थांबते, ‘ओ’ ही वर नवी ओळ उघडण्याची आज्ञा ठरते आणि तीत ‘ए’ लिहिला जातो. लेखकाला केवळ एक ओळ वर जायचे होते. त्याच्या मजकुरात एक परकी ओळ घुसते. उलट अवधी फार लांबवला, तर एस्केपनंतर त्वरेने दाबलेले अक्षरही तिलाच चिकटून भलती आज्ञा बनते.

म्हणून घड्याळ लावण्यापेक्षा संदिग्धताच काढून टाकणे अधिक श्रेयस्कर. कोविद गोयल यांच्या ‘किटी’ या टर्मिनलाने मांडलेल्या संकेतपद्धतीत एस्केपची कळही एकटा २७ धाडीत नाही. एस्केप, चौकटी कंस, २७ हा आकडा व शेवटी ‘यू’ अशी पूर्ण शृंखला धाडते. मग २७ दिसला की तो नेहमी आरंभच असतो, आणि शेवट ‘यू’ने कळतो. मात्र या पद्धतीची मागणी आज्ञावलीने आधी करावी लागते. ज्या जुन्या आज्ञावल्या ती करीत नाहीत, त्यांना पूर्वीसारखा एकटा २७ मिळतो, आणि त्यांना घड्याळाकडे पाहत थांबावेच लागते.