रात्रीचं पाणी, दिवसाची वीज

आमच्या चाचीला रात्री झोप लागत नसे. मंगळवेढा तालुक्यातलं आमचं गाव, घरची थोडी बागायत. शेतीच्या फिडरला कधी दिवसा, कधी रात्री अशी आठ-दहा तास लाइन असायची. रात्रीची पाळी आली की माझा चुलतभाऊ खांद्यावर खोरं आणि हातात बॅटरी घेऊन दारं धरायला निघायचा. चाची उंबऱ्यात बसून राहायची. लांब बांधावर बॅटरीचा उजेड हलताना दिसला, की तिचा जीव भांड्यात पडायचा. एका रात्री तो उजेड बराच वेळ एकाच जागी पडून राहिला. भावाला साप चावला होता. शेजाऱ्यांनी मोटारसायकलवर मध्ये बसवून तालुक्याला नेलं म्हणून वाचला. पायाची दोन बोटं मात्र गेली. बरा झाल्यावर त्याने मला विचारलं, "भाई, तुम्ही शिकलेली माणसं. शहरातल्या दुकानांना दिवसा लाइन, मग आम्हालाच रात्री का?"

मी बी.ए. झालेला, तोही मराठी घेऊन. कविता लिहिणाऱ्याला विजेतलं काय कळणार? पण प्रश्न घरातला होता. वीज खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंता मित्राकडे गेलो आणि समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

वीज ज्वारीसारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. मोठ्या बॅटऱ्या आता येऊ लागल्यात, पण देशाची गरज भागेल एवढ्या अजून नाहीत. त्यामुळे ज्या क्षणी जेवढी वापरली जाते, त्या क्षणी तेवढीच तयार व्हावी लागते. पंढरीच्या वाटेवर आम्ही लहानपणापासून दिंड्या पाहिल्या. शेकडो टाळ, पण ठेका एक. देशातली वीजकेंद्रंही अशीच एका ठेक्यात चालतात. सेकंदाला ५० आवर्तनं, हा तो ठेका. वापर वाढला आणि निर्मिती कमी पडली की ठेका मंदावतो. वापर घटला की तो चढतो. ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात त्याला सांभाळायचं काम भार प्रेषण केंद्रं रात्रंदिवस करतात. आपल्या राज्याचं केंद्र नवी मुंबईत ऐरोलीला आहे.

आता भावाच्या प्रश्नाचं उत्तर. कोळशाची भट्टी दिव्यासारखी फुंकून विझवता येत नाही. रात्री दुकानं-कचेऱ्या बंद होतात, मागणी उतरते, पण केंद्रं चालूच ठेवावी लागतात. मग ती वीज घेणार कोण? शेतकरी. आणि दिवसा मागणी चढली, की कपात कुणाची? त्याचीच. ठेका सांभाळण्याचं ओझं असं बिनबोलता त्याच्या खांद्यावर गेलं.

हा ठेका चुकला तर काय होतं, ते २०१२ साली देशाने पाहिलं. ३० जुलैच्या पहाटे उत्तरेची जाळी कोसळली आणि ३१ जुलैच्या दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत एकदम अंधारात गेला. सुमारे ६० कोटी लोकांच्या मुलखातली वीज गेली. पश्चिमेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या वाटेवर आधीच जास्त भार होता, काही राज्यं ठरल्याहून अधिक वीज ओढत होती. बीना-ग्वाल्हेर वाहिनी सुटली आणि पत्त्यांचा बंगला खाली आला. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेची जाळी उरलेल्या देशाशी जोडली. सारा देश एका ठेक्यात आला तो आमच्या जिल्ह्यातून, याचा मला उगाच अभिमान वाटतो.

नुसत्या तारा जोडून भागत नाही, त्यांना डोळे-कान लागतात. त्यालाच 'स्मार्ट ग्रिड' म्हणतात. मोठ्या उपकेंद्रांत आता अशी यंत्रं बसली आहेत, जी उपग्रहाच्या घड्याळाशी वेळ जुळवून सेकंदाला २५ वेळा जाळीची नाडी पाहतात. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशाने एकदम दिवे मालवले, तेव्हा काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉट मागणी उतरली. जलविद्युत केंद्रं भराभर उतरवून, पुन्हा चढवून जाळी सावरली. आठ वर्षांपूर्वी कोसळलेली जाळी त्या रात्री डगमगली नाही.

आणि मग आलं ऊन. सौरवीज दुपारी भरपूर, संध्याकाळी शून्य. जुनं गणित उलटं झालं. आता दुपारी वीज घेणारा हवा आहे. म्हणजे शेतकऱ्याला दिवसा लाइन देणं ही मेहेरबानी राहिली नाही, जाळीचीच ती गरज झाली. महाराष्ट्राने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ साली तिची दुसरी आवृत्ती. उपकेंद्राजवळच्या पडीक जमिनीवर सौर पट्ट्या मांडायच्या आणि ती वीज शेतीच्या फिडरला द्यायची. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला २०२४ साली असा ३ मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला. यात मेख अशी, की हा प्रकल्प जाळीला जोडलेला असतो. ढग आला तर जाळी भर घालते. पावसात मोटरी बंद राहिल्या तर तीच वीज दुसरीकडे जाते.

जाळीचं मोल शेजारच्या बांगलादेशानेही सांगितलं. तिथे २००३ पासून ४० लाखांहून अधिक घरांवर हप्त्याने छोटे सौर संच बसले. दिवा लागला, मोबाइल चार्ज झाला, पोरं अभ्यासाला बसली. पण पिठाची चक्की त्यावर फिरत नाही. गावात तारा पोचल्यावर बरेच संच अडगळीत गेले. आपल्याकडे २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरच्या लायसांग गावात वीज पोचली आणि सरकारी हिशेबात शेवटचं गाव उजळलं. पण खांब दारात येणं वेगळं आणि हव्या त्या वेळी लाइन असणं वेगळं, हे माझी चाचीही सांगेल.

स्मार्ट मीटरबद्दल लोकांच्या मनात शंका आहेत, त्या रास्त आहेत. रिचार्ज संपला आणि घरात आजारी माणूस असेल तर? २०२४ च्या जूनमध्ये आपल्या सरकारला सामान्य घरांवर प्रीपेड मीटरची सक्ती करणार नाही, असं जाहीर करावं लागलं. पण त्याच मीटरमुळे वेळेनुसार दर लावता येतो. २०२३ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे उन्हाच्या तासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असायला हवा. यंत्र शहाणं झालं म्हणजे व्यवहार न्यायाचा झाला, असं नाही. शहाणपण कुणाच्या सोयीसाठी वापरायचं, ते आपण विचारत राहिलं पाहिजे.

आमच्या फिडरवर अजून सौर प्रकल्प आलेला नाही. गावाने ग्रामसभेत जागेचा ठराव केला आहे. भाऊ परवा फोनवर म्हणाला, "भाई, बॅटरीचे सेल यंदा आणखी एकदा घ्यावे लागणार." चाची आता ऐंशीला टेकली. रात्रीची पाळी असली, की अजूनही उंबऱ्यात बसते. ती ज्या दिवसापासून वेळेवर अंथरुणाला पाठ टेकेल, त्या दिवशी ही जाळी शहाणी झाली, असं मी समजेन.