दोन ग्राफिक्स कार्डं की एकच दमदार?

गेमिंग कॉम्प्युटर जुना झाला, नवे गेम अडखळू लागले की घरातली मुलं एक सोपा उपाय सुचवतात, ‘आहे त्याच मॉडेलचं आणखी एक ग्राफिक्स कार्ड घेऊ, सेकंडहँड स्वस्तात मिळतंय.’ एका बैलाला गाडी ओढवत नसेल तर दुसरा जुंपावा, हा हिशेब वरवर पटतोही. पण पैसे मोजण्यापूर्वी ही जोडी चालते कशी, ते समजून घ्या.

जोडी काम कशी करते?

एनव्हिडियाने २००४ मध्ये ‘एसएलआय’ आणि एटीआयने २००५ मध्ये ‘क्रॉसफायर’ आणलं. यात बहुतेक वेळा एक कार्ड पहिली फ्रेम तयार करतं, दुसरं कार्ड दुसरी, मग पुन्हा पहिलं. मात्र दोघांची लय जुळली नाही तर फ्रेमचा आकडा मोठा दिसूनही चित्र बारीक झटके देतं.

दुसरा गैरसमज मेमरीचा. गेमची तीच माहिती दोन्ही कार्डांना स्वतःजवळ ठेवावी लागते. म्हणून ८ जीबीची दोन कार्डं लावली तरी गेमला १६ नाही, ८ जीबीच मिळते.

आता साथ कोण देतं?

कंपन्यांनीच यातून हात काढून घेतला आहे. २०१६ च्या जीटीएक्स १०६० मध्ये एसएलआयची सोय नव्हती, २०१९ च्या आरएक्स ५७०० एक्सटीमध्ये क्रॉसफायरची नव्हती. २०२१ पासून एनव्हिडियाने एसएलआयसाठी नवे ड्रायव्हर प्रोफाइल देणं थांबवलं. आता ही सोय गेम बनवणाऱ्यांनीच करायची असते आणि फारच थोडे ती करतात. म्हणजे नव्या गेममध्ये दुसरं कार्ड बहुधा नुसतं बसून राहील.

विजेचा हिशेब

दोन जीटीएक्स १०८० पूर्ण जोराने चालली तर सुमारे ३६० वॅट लागतात. २०२३ च्या एकट्या आरटीएक्स ४०७० ला सुमारे २०० वॅट पुरतात आणि मेमरी मिळते १२ जीबी. फरक १६० वॅटचा. रोज ४ तास खेळलं तर महिन्याला साधारण १९ युनिट जास्त, शिवाय उन्हाळ्यात खोली तापेल ती वेगळीच. जोडीसाठी मोठा पॉवर सप्लाय आणि एसएलआय चालवणारा मदरबोर्डही हवा. स्वस्त वाटलेलं कार्ड असं महागात पडतं.

मग काय करावं?

• जुनं कार्ड विकून त्या पैशांत भर घाला आणि एकच नवं कार्ड घ्या.
• खरेदीपूर्वी पॉवर सप्लायचे वॅट आणि कॅबिनेटमधली मोकळी लांबी तपासा.
• प्रोसेसर फार जुना असेल तर महागडं कार्डही अडून राहतं. मॉनिटर १०८०पी असेल तर सर्वांत वरचं मॉडेल घेण्याची गरज नाही.
• मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचं नेहरू प्लेस किंवा बेंगळुरूचा एसपी रोड, सेकंडहँड कार्ड अर्धा तास गेम चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नका. बिल आणि उरलेली वॉरंटी मागा.

जोडी कोणासाठी?

घरात कोणी ब्लेंडरवर थ्रीडी अ‍ॅनिमेशन करत असेल, तर तिथे दोन कार्डं काम खरोखर वाटून घेतात आणि रेंडरिंगचा वेळ वाचतो. फक्त गेमसाठी मात्र एकच चांगलं कार्ड घ्या. उरलेल्या पैशांत एसएसडी किंवा रॅम वाढवली, तर त्याच कॉम्प्युटरवर मुलांचा अभ्यास आणि तुमचं कामही झटपट होईल.